चार अक्षरांचा वास

मी सव्वीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. दरवर्षी जुलैत, बाहेर धो धो पाऊस आणि वर्गात ओल्या छत्र्यांचा कुबट वास असताना, मी फळ्यावर चार अक्षरं काढायची: ए, टी, जी, सी. अॅडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन. सगळ्या सजीवांची बाराखडी एवढीच, असं म्हणायचं आणि पुढे सरकायचं. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि खाली लाल शाईनं रेघ ओढायची.

एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ग्वानीन म्हणजे काय?"

"प्युरीन गटातला बेस," मी सांगितलं.

"ते लिहिलं. पण शब्दाचा अर्थ काय?"

मला ठाऊक नव्हता. "उद्या बघू," म्हणाले. हे आम्हा शिक्षकांचं हुकमी पान. घरी जाऊन मोठा कोश उघडला आणि एकटीच हसत बसले. ग्वानीन म्हणजे शिटेतून निघालेलं. पक्ष्यांच्या शिटेतून.

तेव्हापासून हा नादच लागला. रेणूचं नाव दिसलं की त्याचं मूळ गाव शोधायचं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. रेणूंच्या बाबतीतही न विचारणंच शहाणपणाचं, कारण जे हाती लागतं ते जेवताना सांगण्यासारखं नसतं.

पेरू देशाच्या किनाऱ्यासमोर चिंचा नावाची बेटं आहेत. (आपल्या चिंचेशी काही संबंध नाही.) तिथे पाऊस जवळपास पडतच नाही. समुद्रात मासळी अमाप, ती खायला पाणकावळे अमाप, आणि त्यांनी केलेली घाण धुऊन न्यायला पाऊस नाही. शतकानुशतकं साचत साचत शिटेचे डोंगर झाले. तिथल्या केचुआ भाषेतला 'हुआनू' स्पॅनिश तोंडात 'ग्वानो' झाला. इंका लोक हे खत शेतात घालतच होते. १८४० च्या सुमारास युरोपला त्याची चटक लागली आणि गलबतंच्या गलबतं भरून ग्वानो निघाला. खणणारे हात बरेचसे फसवून आणलेल्या चिनी मजुरांचे होते. पेरूचा खजिना भरला. १८६४ मध्ये स्पेननं ती बेटंच बळकावली, त्यावरून युद्ध पेटलं. शिटेवरून! हे युद्ध अजून पुढे घडायचं होतं, तेव्हा म्हणजे १८४४ मध्ये, युलिउस बोडो उंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ग्वानोतून एक पांढरा पदार्थ वेगळा काढला. तोच ग्वानीन. आनुवंशिकता वगैरे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. एवढ्या महाग खतात असतं तरी काय, हे बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं तर सगळ्यांनी एका सुरात 'ईऽऽ' केलं. मी म्हटलं, तुमच्यापैकी किती जणांकडे मासे खातात? निम्मे हात वर.

माझं लहानपण रत्नागिरीजवळ गेलं. आई मागच्या दारी विळी घेऊन तारल्या साफ करायला बसायची. खवलं उडून तिच्या मनगटाला, काकणांना, कधी गालाला चिकटायची. वाळली तरी त्यांची चमक जायची नाही. संध्याकाळी ती देवापाशी दिवा लावताना तिच्या कोपरावर एखादं चांदीचं टिकलं लुकलुकताना दिसायचं. ती चमक ग्वानिनाची. चंदेरी माशांच्या त्वचेत त्याचे कागदासारखे पातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात आणि प्रकाश त्यांच्यावरून आरशासारखा परततो. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका जपमाळा करणाऱ्या कारागिराच्या हे लक्षात आलं होतं. रसायन त्याला कुठलं कळायला! पण माशांच्या खवल्यांतली चमक पाण्यात उतरते हे त्यानं पाहिलं, ती काचेच्या पोकळ मण्यांना आतून लावली आणि खोटे मोती विकायला काढले. म्हणजे उंगरच्या आधी दीड-दोनशे वर्षं बायका ग्वानीन गळ्यात घालून मिरवत होत्या.

पाठ्यपुस्तकात 'जीवनाचे रेणू' असा धडा असतो. कर्बोदकं, प्रथिनं, मेद, केंद्रकाम्लं. लाल-निळे गोळे, मध्ये काड्या. सगळं कसं न्हाऊन-माखून, पावडर लावून बसवल्यासारखं. वास म्हणून नाही. प्रत्यक्षात यांतला प्रत्येक जण कशातून तरी काढलेला आहे, आणि काढणं हा उद्योग घाणेरडा आहे. उकळा, आम्लात शिजवा, फडक्यातून पिळा, गाळा, धुवा आणि मग भांड्याच्या तळाशी स्फटिक धरतात का ते बघत दिवस मोजा. आमच्या शास्त्राचं पहिलं शतक या कामात गेलं. त्याला प्रयोगशाळा म्हणायचं की भटारखाना, हा प्रश्नच आहे.

अमिनो आम्लांचंच बघा. प्रथिनांच्या माळेतले हे मणी. पहिलं सापडलं १८०६ मध्ये, पॅरिसला. वोकलँ आणि त्याचा शिष्य रोबिके यांनी अॅस्परॅगस या भाजीच्या रसातून ते काढलं, म्हणून अॅस्परॅजीन. आपली शतावरी त्याच कुळातली, तेव्हा बाळंतिणीला शतावरी कल्प देणाऱ्या घरांना हे नातं परकं वाटायला नको. दुसऱ्याची कथा मात्र वेगळी. लंडनच्या विल्यम वोलास्टननं १८१० मध्ये ते रोग्याच्या मूत्राशयातल्या खड्यात पाहिलं. मूत्राशयाच्या ग्रीक नावावरून सिस्टीन. नंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी तेच शिंगातून निघालं, तेव्हा कळलं की हे काही रोगाचं लक्षण नव्हे. आपल्या केसांत ते भरपूर असतं. केस जळल्यावर जो वास येतो, तो त्यातल्या गंधकाचा. टायरोसीन लिबिगनं १८४६ मध्ये चीजमधून काढलं, आणि नावाचा अर्थही तोच, चीज. ग्लुटामिक आम्ल १८६६ मध्ये रिटहाउझेननं गव्हाच्या ग्लुटेनमधून, म्हणजे कुरडयांसाठी चीक पिळून घेतल्यावर मागे जो चिवट चोथा उरतो, त्यातल्या चिवटपणातून. पुढे १९०८ मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदांना तेच समुद्री शेवाळाच्या रश्श्यात सापडलं, त्याच्या क्षाराचं अजिनोमोटो झालं, आणि आता ते कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर चमच्यानं पडतं. नेहमीच्या विसांपैकी शेवटचं, थ्रिओनीन, विल्यम रोझनं अमेरिकेत शोधलं १९३५ मध्ये. पहिल्यापासून विसाव्यापर्यंत १२९ वर्षं. आमची मुलं ही वीस नावं एका रात्रीत पाठ करतात आणि परीक्षेनंतर एका रात्रीत विसरतात.

ट्रिप्टोफॅन काढलं होतं फ्रेडरिक हॉपकिन्सनं, १९०१ मध्ये. केंब्रिजमधल्या याच हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत पुढे कमला भागवत गेल्या. लेखिका दुर्गाबाईंची बहीण, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. बंगळुरात त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं होतं. केंब्रिजला बटाटा हाती घेतला आणि वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं. १९३९ मध्ये पीएचडी. सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी बंगळुरच्या विज्ञान संस्थेत घ्यायला नकार दिला होता, ही गोष्ट महिला दिनाच्या प्रत्येक भाषणात ऐकू येते. बटाट्याची कुणी सांगत नाही. मला बटाटा जास्त महत्त्वाचा वाटतो.

डिंकाचं सांगायचं राहिलं. अरबी डिंक म्हणजे आपल्या बाभळीच्या भाऊबंदांचा चीक. त्यातून जी साखर निघते ती अरॅबिनोज. १८९१ मध्ये एमिल फिशरला तिच्यासारखीच, पण रचनेत किंचित वेगळी साखर प्रयोगशाळेत करता आली. नाव काय ठेवायचं? त्यानं 'अरॅबिनोज'मधलीच अक्षरं उलटसुलट केली आणि 'रायबोज' बनवलं. न्यूयॉर्कमध्ये फीबस लेव्हीनना १९०९ मध्ये तीच साखर केंद्रकाम्लात सापडली. १९२९ मध्ये तिची धाकटी बहीण, एक ऑक्सिजन कमी असलेली डीऑक्सिरायबोज. आरएनए आणि डीएनए ही दोन्ही नावं त्यावरून. म्हणजे आडनाव बघायला गेलं तर डीएनए डिंकाच्या घराण्यातला निघतो. हे सांगितलं त्या वर्षी एका मुलीनं हिवाळ्यात मला डिंकाचे लाडू आणून दिले. डब्यावर चिठ्ठी होती: 'आरएनए'.

आता डीएनएच्या गोष्टीतला मुख्य माणूस. फ्रीडरिश मीशर, स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. वडील डॉक्टर, मामा डॉक्टर, हाही डॉक्टर. पण तापानं ऐकू कमी येऊ लागलेलं, त्यामुळे रोगी तपासायचा नाद सोडून तो रसायनाकडे वळला. १८६८ मध्ये जर्मनीत ट्यूबिंगेनला हॉप्पे-झायलरकडे दाखल झाला. प्रयोगशाळा होती नेकार नदीवरच्या जुन्या किल्ल्यात, आणि मीशरला बसायला जागा मिळाली ती किल्ल्याचं जुनं स्वयंपाकघर. दगडी कमानी, खोल खिडक्या, गारठा.

त्याला हव्या होत्या पेशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींसारख्या साध्या आणि भरपूर. भरपूर कुठे मिळतील? पुवात. शहरातल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून तो रोज वापरलेल्या मलमपट्ट्या मागवायचा. जंतुनाशकांचा वापर अजून सार्वत्रिक झाला नव्हता, त्यामुळे पुवाला तोटा नव्हता.

माझी मावशी नगरपालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिच्या काळीही पट्ट्या धुऊन, उकळून, गुंडाळून पुन्हा वापरायचे. ती सांगायची, ताजा पू आणि नासका पू नाकालाच कळतो, बघावं लागत नाही. मीशरचं पहिलं काम नेमकं हेच. पट्ट्या आल्या की हुंगायच्या, बघायच्या, नासलेल्या फेकायच्या. उरलेल्या सोडियम सल्फेटच्या पातळ द्रावणात खळबळायच्या, म्हणजे पेशी न फुटता सुटून येतात. गाळून घ्यायचं आणि पेशी तळाशी बसायची वाट पाहायची. मग मद्यार्कानं मेद काढायचे. प्रथिनं पचवून टाकायला डुकराच्या जठरातून पेप्सिन स्वतःच काढायचं. सगळं पचलं तरी पेशींची केंद्रकं पचेनात. त्यांतून सौम्य अल्कलीत काहीतरी विरघळून यायचं, आणि आम्ल घातलं की पांढऱ्या झुबक्यासारखं खाली बसायचं. प्रथिन म्हणावं तर यात फॉस्फरस खच्चून भरलेला. २६ फेब्रुवारी १८६९ च्या पत्रात त्यानं मामाला, विल्हेल्म हिसना, हे कळवलं. नाव ठेवलं न्यूक्लीन, केंद्रकातलं म्हणून. इथे मात्र मीशरनं सभ्यपणा केला. उंगरच्या रीतीनं गेला असता तर आज आपण 'पूवीन' शिकवत असतो.

हॉप्पे-झायलरला पटेना. त्यानं सगळे प्रयोग स्वतःच्या हातानं पुन्हा करून पाहिले, आणि मग कुठे १८७१ मध्ये मीशरचा निबंध छापून आला. संशोधनाचा गुरू असावा तर असा, अर्थात तो स्वतःचा नसला तर. मीशर तोवर बाझलला परतला होता. तिथे ऱ्हाइन नदी, नदीत हिवाळ्यात चढणारे साल्मन मासे. नराच्या वीर्यपेशी म्हणजे जवळजवळ नुसतं केंद्रक आणि शेपूट. पुवापेक्षा कितीतरी चांगला माल. काम गारठ्यातच करायला हवं, नाहीतर पदार्थ बिघडतो, म्हणून पहाटे अंधारात उठायचं, खिडक्या सताड उघड्या आणि शेगडी नाही. १८९५ मध्ये तो दाव्होसला क्षयानं गेला, एकावन्न नुकतीच पुरी झाली असताना. गारठ्याला दोष देणारे आहेत. मी देणार नाही, त्या काळी क्षयाला कारण लागत नसे.

न्यूक्लीन फोडून आतले तुकडे कुणी पाहिले, तर हॉप्पे-झायलरच्याच दुसऱ्या शिष्यानं, आल्ब्रेश्ट कोसेलनं. १८८५ मध्ये बैलाच्या स्वादुपिंडातून एक तुकडा निघाला. ग्रंथीला ग्रीकमध्ये 'अॅडेन', म्हणून अॅडेनीन. १८९३ मध्ये वासराच्या थायमस ग्रंथीतून थायमीन. पुढच्याच वर्षी त्याच थायमसमधून सायटोसीन, पण याचं नाव पेशीवरून ठेवलं. चौघांत सोवळं नाव एवढं एकच. मधल्या काळात, १८८८ मध्ये, कोसेलनं चहाच्या पानांतून थिओफिलीन काढलं. माझे वडील दम्यासाठी वर्षानुवर्षं डेरिफायलीनची गोळी घेत, तिच्यात हेच असतं. नोबेल त्याला १९१० मध्ये मिळालं ते पेशींच्या रसायनासाठी, पण आमच्या घरात त्याचं नाव निघायला हवं होतं ते या गोळीसाठी.

थायमसला मराठी पुस्तकांत 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. वयात आल्यावर ही ग्रंथी आटत जाते. कोवळ्या वयात ती मोठी असते आणि तिच्या पेशींत केंद्रकच मोठं, भोवतीचं द्रव्य नावाला. म्हणून डीएनए काढायला याहून सोपा अवयव नाही. हे सगळं मी शिकवायची, पण थायमस कधी पाहिली नव्हती. आमचं प्रात्यक्षिक कांद्यावर चालायचं.

एकदा मनात आलं आणि सकाळी मटणाच्या दुकानात गेले. मी मासे खाणारी, तिथे कधी पाय ठेवला नव्हता.

"किती देऊ, मॅडम?"

"मटण नको, भाऊ. करडाच्या छातीत, वरच्या बाजूला, एक गाठ असते..." मी स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेवून दाखवलं. रांगेतली माणसं बघायला लागली.

त्यानं सुरी पुसली, लटकवलेल्यांतलं एक कोवळं निवडलं, छातीच्या हाडामागे बोटं घातली आणि फिकट गुलाबी, दाणेदार असं काहीतरी ओढून काढलं. "हे? हे लहान जनावरातच असतं. मोठ्यात वाळून चरबी होते." यौवनलोपी हा शब्द त्याला माहीत नव्हता. बाकी सगळं माहीत होतं. पैसे त्यानं घेतले नाहीत, फक्त विचारलं, "औषधाला का?"

"नाही, मुलांना दाखवायला."

प्रयोगशाळेत ती गाठ बर्फावर बारीक चिरली, खलबत्त्यात मिठाच्या थंड पाण्याबरोबर वाटली, थोडं भांडी घासायचं लिक्विड घातलं आणि मलमलीतून गाळली. गढूळ, किंचित ताणला जाणारा रस मिळाला. फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट परीक्षानळीच्या कडेनं थेंबथेंब सोडलं. दोन थरांच्या सीमेवर धुकं धरल्यासारखं झालं, धुक्याचे धागे झाले, धागे वर चढायला लागले. काचेची कांडी बुडवून फिरवली तर ते तिच्याभोवती गुंडाळत आले, पांढरे, ओले, म्हातारीचे केस भिजल्यावर दिसतील तसे. कांद्यातून कधी इतके निघाले नव्हते. वर्गात चिडीचूप. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, शेंबडासारखं दिसतंय." बरोबरच होतं त्याचं.

पुढच्या वर्षी हाच प्रयोग महाविद्यालय तपासायला आलेल्या समितीसमोर करायचा ठरला. गाठ वाटून ठेवली, आणि पाहुण्यांचं जेवण लांबलं. मे महिना, पंखाही बंद. दोन तासांनी स्पिरिट ओतलं तर धागे नाहीत, नुसता चुरा. पेशी फुटल्यावर त्यांच्यातलीच विकरं डीएनएचे तुकडे करत सुटतात आणि उकाड्यात तर त्यांना ऊतच येतो. समितीतल्या एका गृहस्थांनी नळीत डोकावून "अच्छा, अच्छा" म्हटलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मीशरच्या उघड्या खिडक्या मला त्या दिवशी समजल्या.

लेव्हीनच्या पिढीची गोम हीच होती. काढताना इतका धसमुसळेपणा व्हायचा की हाती यायचे ते तुकडेच, आणि त्यावरून त्यांना वाटलं की हा रेणू आखूड, चार अक्षरं तीच तीच घोकणारा, बिनडोक आहे. आनुवंशिकतेचं काम याच्याकडे असेल हे म्हणूनच कुणाला पटेना. १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी जिवाणूंवर ते दाखवलं, तरीही नाकं मुरडली गेली.

सावकाश, गारठ्यात, न तोडता डीएनए काढून दाखवणाऱ्यांत बर्नच्या रुडोल्फ सिग्नरचा हात धरणारं कुणी नव्हतं. माल तोच, वासराची थायमस. मे १९५० मध्ये लंडनच्या एका सभेला तो बरणी घेऊन आला आणि हवं त्यांना त्यातून वाटत सुटला. मॉरिस विल्किन्सनी थोडं घेतलं. ते किंग्ज कॉलेजमध्ये पुढे रोझालिंड फ्रँकलिन आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांच्याकडे आलं. त्या डीएनएचा ओलसर धागा क्ष-किरणांपुढे ताणून धरला, आणि मे १९५२ मध्ये जे छायाचित्र निघालं ते ५१ क्रमांकाचं. काळ्या ठिपक्यांची फुली. वॉटसन आणि क्रिक यांनी पुढच्या एप्रिलमध्ये दुहेरी गोफ मांडला, त्यामागे ही फुली होती.

त्या छायाचित्राची मोठी प्रत आमच्या प्रयोगशाळेत बेसिनच्या वर लावलेली होती. सिग्नरच्या बरणीची गोष्ट सांगितल्यानंतर आठवड्याभरानं हात धुताना पाहिलं, तर खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं कुणीतरी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'हम्मा'.

मी पुसलं नाही. निवृत्त झाले त्या दिवशीही ते तिथेच होतं.